निधान

सांबऱ्याच्या धावपट्टीवर सकाळी साडेसहाला,
उसाच्या फडावरचं धुकं उठायच्या आत,
सबनीस सर विमानाभोवती एक फेरी मारायचे
आणि मग माझ्याभोवती.
चूक अजून व्हायची असायची,
आवाज आधीच चढलेला.

हेडफोनमधला ओरडा कुठं जात नाही.
शेतात कुणी ओरडलं तर निम्मं वारा नेतो,
इथं सगळंच्या सगळं कानात.
घडी घातलेली चेकलिस्ट बोटांच्या पेरांवर:
"रडर! रडर काय तुझा बाप देणार?"
मी वारा बघायचं सोडलं.
त्यांचा हात बघायला शिकले.
तो मांडीवरून उचलला की काहीतरी चुकलंय.
काय, ते नंतर कळायचं.
कधी कळायचंही नाही.

असे बेचाळीस तास लॉगबुकात आहेत,
निळ्या शाईत, त्यांच्या सहीनं.
बरोबरीचे सगळे विसाव्या तासाला एकटे उडाले होते.

खरं सांगायचं तर एकदा,
मुतग्याच्या बाजूनं घारी अचानक वर आल्या तेव्हा,
त्या ओरड्यानंच वाचलो दोघं.
तेही लिहायला हवं.

मग हुक्केरी सर आले, बैलहोंगलचे.
एस.टी.त खिडकीशी बसावं तसे बसले,
दोन्ही हात मांडीवर.
उतरताना नाक डोलायला लागलं,
मी त्यांच्या हाताकडं बघितलं.
हात तिथंच.
"माझ्याकडं काय बघतीस? पट्टी तिकडं."
आणि मग, अगदी हळू:
"निधान, यव्वा, निधान."

मी खानापूरची, कानडी मला बाजारापुरतं.
आमच्यात निधान म्हणजे पुरलेलं धन.
क्षणभर वाटलं, खाली उसात कुणाचा तरी हंडा आहे
आणि सर तो दाखवताहेत.
हसू आलं.
हसताना खांदे उतरले, मूठ सुटली,
आणि विमान आपलं आपण सरळ झालं.
चाकं कधी टेकली, मला कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी ते उतरले,
रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधून ठेवला
आणि चहाला निघून गेले.
मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

आज उजव्या सीटवर मी.
डावीकडं चिकोडीचा बसगौडा, एकोणीस वर्षांचा,
घामेजला.
त्यानं नाक लवकर उचललं
आणि माझ्या तोंडून निघालं,
"रडर काय तुझा बाप देणार?"
चाल, सूर, सगळं सबनीसांचं. इतकी वर्षं कुठं होतं?

त्याचा कान लाल झाला.
त्यानं पट्टी सोडून
माझ्या हाताकडं बघितलं.

मी हात मांडीखाली घातला, त्यावर बसले.
"पट्टी तिकडं. निधान."
त्याच्या भाषेत तो शब्द नुसता 'हळू' आहे.
धन माझ्याकडंच राहिलं.

तीनदा उसळलो.
तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही.