दर हजारी पस्तीस

टिळकवाडीतल्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
एकोणतीस वर्षं मी समुद्र तयार केला.
लिटरला पस्तीस ग्रॅम,
काटा स्थिर होईतो श्वास रोखून.
बरण्यांवर चिठ्ठ्या : पाच. पंधरा. पस्तीस.
खरा समुद्र दोनदाच पाहिला,
दोन्ही वेळा कारवारला, शिंपले आणायला.

हिरेमठ बाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नसे,
पण कल्ल्यांचा विषय निघाला
की माहेरचं सांगावं तशा सांगायच्या.
मधेच कानडीत शिरायच्या,
पोरं मराठीत उतरवून घ्यायची, पेपर इंग्रजीत.

"कल्लाप्पा, बघा, दार लावून बसलंय."
पाचाच्या बरणीत शिंपला तेच करतो :
ओठ मिटून
आतल्या जुन्या पाण्यावर दिवस काढतो.
फारच लांबलं तर पेशीपेशीतलं थोडं बाहेर टाकून
हलका होतो, बाहेरच्यासारखा.
वाळूतला किडा भोळा. तो फुगतो.
खेकडा मागच्या कल्ल्यांनी मिठाचा कण न् कण आत ओढतो
आणि त्याचं भाडं प्राणवायूत भरतो.
बाई मोजायच्या, मी मांडायचो.

मुशीची तऱ्हाच न्यारी.
लघवीत जायचं ते अंगातच राखून
ती समुद्राची बरोबरी करते.
कसाई गल्लीत दुपारी तिच्या टोपलीशी
नाक चुरचुरतं ते म्हणून.
हे मी शेवंताला समजावून सांगितलं.
"घ्यायची तर घे की," ती म्हणाली,
"मुताचं कशाला काढूलालास गिऱ्हाइकासमोर?"

मग एका भादव्यात
सातेरी गावड्यानं कणकुंबीकडून वांब आणली,
रंगाच्या डब्यात, हातभर लांब.
पोट चांदीचं, डोळे गोट्यांएवढे.
बाई बराच वेळ डब्यावर वाकून होत्या.
"ही निघाली होती," म्हणाल्या.

होती अजून डोंगरातल्या ओढ्यात,
आणि आतडं आवरायला घेतलेलं,
कल्ल्यांत मीठ उपसणारे गडी उभे केलेले.
खारं पाणी तिनं चाखलं होतं ते
काचेची काडी असताना. आठवत असेल?

पंधरात ठेवली, मग पस्तीसात.
पहिल्या दिवशी कातडी सुरकुतली.
दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला लागली,
गोड्या पाण्यात जन्म काढून
घोट न घेतलेली बाई.
तिसऱ्या दिवशी पुन्हा गच्च भरली.

रजिस्टरात शेवटचा रकाना : नंतर काय केले.
तिथं मी नेहमी 'फॉर्मॅलिन' लिहितो.
बाईंनी पेन मागून घेतलं.
कानडीत लिहिलं : बिट्टेवु.
सोडली आपण.

लिहून झालं, आता सोडायला हवी.
सकाळच्या बसनं निघालो, डबा माझ्या मांडीवर.
खानापूरला निम्मं पाणी ओतलं, नळाचं भरलं,
जांबोटीत हॉटेलवाल्याकडून पुन्हा.
पस्तीसचं पंधरा, पंधराचं पाच,
एकोणतीस वर्षं केलं ते उलट्या बाजूनं.
कंडक्टरनं डब्याचंही अर्धं तिकीट फाडलं.

कणकुंबीत पाण्याला दोन वाटा.
एक पूर्वेला जाते, धरणाधरणांतून.
आम्ही दुसरीकडं उतरलो,
बाई चपला हातात घेऊन.

डबा कलता केला.
ती लगेच गेली नाही,
दगडाशी तोंड लावून कल्ले हलवत राहिली.
मी बोट बुडवलं, जिभेला लावलं.
बाईंनी विचारलं, "उप्पु?"

"अजून नाही."