दोनशे मिलिसेकंद

विद्यापीठाच्या खोलीत कूलर घुरघुरत होता,
मे महिना, खसचा ओला वास.
रेवती मॅडम म्हणाल्या, विचार करू नका,
नुसती बोटं चालवा.

डाव्या बटणावर चांगले शब्द, उजव्यावर वाईट,
मधून मधून आडनावं.
मी म्हटलं, बाप्पा, एवढंच?
तीस वर्षं हजेरी घेतली वर्गात,
कोणाले कमी लेखलं नाही.

देशकर. टक.
आळशी. टक.
मग बटणं बदलली:
आता गजभिये अन् प्रामाणिक एकाच बाजूला.

बोट हवेत राहिलं.
पापणी लवायच्या आत उतरलंही,
पण यंत्रानं तेवढं धरलं.

तेवढ्यात काय काय मावतं!
धरमपेठेतली खोली, पंखा दाखवून झाल्यावर
घरमालकिणीचं गोड "पूर्ण नाव?"
स्टाफरूममधलं "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो,"
आणि त्यावर मी
हसलो होतो.

"बहुतेकांचं असंच येतं," मॅडम म्हणाल्या,
"निकाल नाही हा, नुसता कल."
खाली सही करायची होती.

शीलवंत, लिहिलं.
गजभिये लिहायच्या आधी
पेन किती थांबलं,
ते कोणी मोजलं नाही.