एकोणीस कमी

पेपर हातात मिळत नाही आता.
स्क्रीनवर येतो आणि स्क्रीनवरच विझतो,
कच्च्या कामाचा कागदसुद्धा दारात काढून घेतात.
म्हणून दर मे महिन्यात, पोरं चंद्रपूरहून परतली
की संध्याकाळी त्यांना क्लासवर बोलावतो
आणि त्यांच्या डोक्यातून पेपर उतरवून घेतो.

सिंदेवाहीत राईस मिलच्या वरची ही खोली.
कूलरला दोन बादल्या पाणी, खालून कोंड्याचा वास,
फळ्यावर तीन रकाने : सोपे, मध्यम, कठीण.
डाव्या अंगाला धड्यांची नावं
आणि प्रत्येकासमोर मी वर्षभर दिलेले तास :
इंटिग्रेशन सव्वीस. व्हेक्टर अठरा.
प्रोबॅबिलिटी चार.
(फेब्रुवारीत घाईने उरकली. माहीत आहे मला.)

"सर, पिशवीत चेंडू होते," आकीब म्हणतो.
"पाच लाल."
"सहा," समीक्षा म्हणते.
"तुमच्या शिफ्टला असतील सहा."
"आमच्यात तर चेंडूच नव्हते बा, बल्ब होते. खराब बल्ब."
मी लिहितो : प्रोबॅबिलिटी, तीन. आणि खडू थांबतो,
कारण तीन प्रश्नांना चार तास
आणि एकही न आलेल्या सर्कलला मी नऊ तास दिले होते.

त्रिवेणी भोयर हात वर करत नाही, उभीच राहते.
"शिडीचा व्हता जी एक. भिंतीले टेकलेली.
साडेसहा मीटर लांब. खालचं टोक भिंतीपासून अडीच मीटर,
सेकंदाले दहा सेंटिमीटर सरकते.
वरचं टोक किती वेगानं खाली येते?"
ऑप्शन?
चारही सांगते. क्रमाने.
"उत्तर?"
"तेच तं नाई आलं."

अंधार पडेपर्यंत एकतीस झाले.
पन्नासातून एकतीस; एकोणीस कमी.
"आठवा रे, बारकेसारके असतील,
लॉजिकचा असेल, मॅट्रिक्सचा, अकरावीतला एखादा."
सगळे छताकडे पाहतात.
कठीणचा रकाना भिंतीपर्यंत गेलेला, मध्यम अर्धा,
सोप्याखाली नुसता फळा.

तेव्हा कळलं. नऊ वर्षांनी कळलं, गणिताच्या मास्तरला.
सुटलेलं गणित कोणी घरी आणत नाही.
ते तिथंच राहतं, क्लिक केलं की संपतं.
अडलेलं मात्र एसटीत शेजारी बसतं,
मूलच्या स्टँडवर उतरून चहा घेतं,
रात्री पंख्याखाली पुन्हा सुरू होतं.
आणि मी दर वर्षी एवढंच गोळा करून
वहीत शेरा मारत आलो : यंदा पेपर कठीण.
नऊ वह्या, एकच शेरा,
आणि जूनच्या नव्या बॅचला पहिल्या दिवशी
तोच वाचून दाखवत आलो.

"नयन, तुझे किती?"
आत्रामाचा नयन, मागच्या बाकावर, चप्पल अर्धी पायात.
"मले एकबी नाई आठवत, सर."
हसले सगळे. "झोपला व्हता का बे?"
तोही हसला, थोडा उशिरा.

जिन्यात गाठलं त्याला.
"वेळ पुरला?"
"उरला जी. नऊ मिनिटं."
"मग काय केलंस?"
"बसलो व्हतो."
पुढे विचारायचं होतं. तो सायकल काढत होता,
आणि निकालाला महिना आहे.

वर आलो तर त्रिवेणी फळ्यापाशी.
कठीणच्या रकान्यावरच तिने शिडी टेकवली होती,
पायथागोरस, मग डेरिव्हेटिव्ह, मग मायनसचं चिन्ह
ज्याने तिथे घात केला होता.
"आलं जी."
खडू ठेवला, ओढणीला हात पुसले,
आणि जाता जाता डस्टर उचलून
शिडीसकट पुसून टाकलं सगळं.

आता तीस.
वही उघडी आहे, शेऱ्याची ओळ कोरी.
खाली मिल सुरू झाली आहे,
खिडकीची काच थरथरते आहे.
प्रोबॅबिलिटीसमोरचे चार तास खोडून
मी दहा लिहितो. मग आठ.