आधी वर्णन

कराडात वळी नाही.
खिडकीतून आगाशिव बघा: थरावर थर,
लाव्हा आला तसा निजला,
त्यानं कूससुद्धा बदललेली नाही.
दातीर मॅडमनी खडू झटकला,
"साडेसहा कोटी वर्षं सपाट. शिकवू कशावर मी?"
मग हजेरीपटावर फिरणारं बोट थांबलं:
"हिंगमिरे, तू म्हसवडची ना?
बुधवारी येताना घोंगडी आण."

मी दोन आणल्या.
एक परवाच मागावरून उतरलेली,
चिंचोक्याची खळ पिऊन इतकी ताठ
की भिंतीला टेकवली तर उभी राहील.
दुसरी आण्णांची, बावीस वर्षं अंगाखाली मुरलेली.
एसटीत कंडक्टरनं दोघींकडं बघितलं
आणि नव्या घोंगडीचं तेवढं तिकीट फाडलं.

प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर
एका टोकाला गोरड, दुसऱ्या टोकाला सुतार.
"ढकला. हळू. डोंगराला घाई नसते."
खळीची घोंगडी एकदाच उठली,
रुंद, जड, बैल उठावा तशी.
जुनीला मात्र सुरकुत्याच सुरकुत्या,
एकीच्या पदराला दुसरी.
"ताठ थराची लाट लांब, मऊ थराची आखूड.
लिहून घ्या, आणि नाव नका देऊ लगेच.
नावं ठेवायला सगळ्यांनाच येतं.
आधी वर्णन."

मग तासभर आम्ही नुसतं बघत होतो.
बिजागरी गोल आहे की टोकदार,
कुठली भुजा जास्त उभी,
आस कुणीकडं झुकतो आणि किती अंशांनी बुडतो.
सुतारनं कोनमापक लावला: एकशे दहा.
"म्हणजे उघडी. अजून ढकल."
पंचावन्न. मिटत आली.
वीस. घट्ट.
दोन्ही भुजा एकमेकींना समांतर टेकल्या तेव्हा
गोरडला हसू आलं, त्याचा हात सुटला
आणि अख्खी वळी आडवी झाली,
खालच्या भुजेत म्हातारा थर वर, तरणा खाली.
"राहू दे," मॅडम म्हणाल्या, "हिमालयातही असंच होतं.
फक्त तिथं कुणी हसत नाही."

मी वहीत लिहिलं: अपनती.
मॅडम मागं उभ्या होत्या.
"कशावरून?"
कमान आहे म्हणून.
"कमान हे रूप झालं. हिच्या पोटात कोण आहे,
सगळ्यात जुना, की सगळ्यात नवा?"
मला माहीत नव्हतं.
"मग कमानच लिही.
वय कळल्याशिवाय नातं सांगू नये."
मी खोडलं. त्या पानाला अजून
खोडरबरानं पडलेलं भोक आहे.

फेब्रुवारीत मुधोळच्या पलीकडं सहल गेली.
तिथं खरी वळी होती, गुलाबी क्वार्टझाइटची.
आधी सापडली ती तळहाताएवढी,
झेडसारखी, बांधाच्या एका दगडात.
"ही पिल्लू आहे," मॅडम म्हणाल्या,
"हिचं वळण बघत चाला, मोठीचं घर सापडेल."
उन्हातून दीड किलोमीटर चाललो.
पिल्लांचं वळण हळूहळू एमसारखं झालं
तिथं मोठीची बिजागरी होती,
कुणाच्या तरी विहिरीच्या काठावर,
आणि विहिरीला पाणी होतं.

सुट्टीला घोंगडी घरी नेली.
खडूची रेघ तशीच होती, उंचवट्याच्या माथ्यावरून.
आण्णा मागाच्या खड्ड्यातून वर बघत म्हणाले,
"ह्ये काय गिरबाटलंय?"
"आस."
"कुणाची?"
"ती आस नव्हे, आण्णा. तो आस."
घडी घालून, उलगडून,
चहा निवेपर्यंत समजावलं.
त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला,
घोंगडी उजेडापुढं धरली.
रेघेच्या बरोबर खाली लोकर पातळ झाली होती,
तिथून उंबऱ्यातलं ऊन दिसत होतं.
"रोज एकाच जाग्यावर घडी घालू ने.
तितंच इरती."

जर्नलच्या समासात मी ते लिहिलं,
संदर्भ: वडील.
वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत होतं:
बाहेरच्या कडेवर ताण, भेगा बिजागरीवर. बरोबर.
किती वर्षांत, ते विचारून ये.