खिडकी नंबर चार

पाटी लावलीय : कर्मचारी कायदेशीर सल्ला देत नाहीत.
आम्ही फक्त कुठला कागद, किती झेरॉक्स, एवढंच.

बाळगोंडा चौगुले, हुपरीचे, घुंगरांना डाक देणारे.
शिरोली नाक्यावर टेम्पोच्या फाळक्यात हात सापडला.
दुखापतीच्या रकान्यात काय लिहू, तर म्हणाले,
"किरकोळच की ओ. अंगठा."
"चिमट्यात पैंजण धरता येतंय?"
"न्हाई."
"मग ते सांगा. किरकोळ म्हणायला
विमा कंपनीचा वकील येणारच आहे."
हा सल्ला झाला का?
शिरस्तेदार मॅडमनी चष्म्यावरून बघितलं,
मग बाहेर, बावड्याच्या रस्त्याकडं.

शेवटी स्टँप पॅड पुढं सरकवलं. डावा अंगठा.
ते आपल्या पट्टीकडं बघत बसले. मीपण.
मॅडम उठल्या. त्यांचा उजवा हात धरून
कागदावर टेकवला, जरा जोरातच,
आणि समासात लिहिलं : डावा उपलब्ध नाही.

दावा चाळीस हजारांचा. तारीख पुढच्या महिन्यात.
जिन्यापर्यंत जाऊन ते परत आले.
"ही शाई निघंल न्हवं? चांदीवर डाग उमटतोय."
म्हटलं, खोबरेल लावा, मग राखेनं घासा.
हा सल्ला मी मोठ्यानं दिला.