मेणबत्तीचे दोन गुण

डिसेंबरात ग्रिम्सबीला
शेवटच्या तासातच दिवेलागण होते.
खिडकीबाहेर मासळीच्या कारखान्याची वाफ,
पाळी सुटलेली,
पांढऱ्या रबरी बुटांतल्या बायका बसथांब्यावर.
आत दहावीची सव्वीस मुलं
आणि एकशे ऐंशी वर्षांपूर्वीची एक विधवा.

सातवं प्रकरण.
पाद्र्यामागे उरलेली ही बाई
रात्री शिवायला बसते तेव्हा
मेणबत्तीत टाचणी खोचते, बोटभर खाली.
मेण वितळत तिथवर येतं,
टाचणी पत्र्याच्या बशीत पडते,
टिंग.
बाई फुंकर मारते. टाका अर्धाच राहतो.

एकोणीस वर्षं मी इथे आले
की फळ्यावर बाण काढते:
मेणबत्ती, बाण, आशा.
टाचणी, बाण, मृत्यू. (हे हुशार मुलांसाठी.)
बोर्डाचा कागद सांगतो,
प्रतीक ओळखलं, दोन गुण.
खिरापतीसारखे वाटले मी ते.

केझिया ब्लँचर्ड मागच्या बाकावर बसते.
वर्षभरात तिने दोनदा तोंड उघडलं,
त्यातलं एकदा जांभईसाठी.
आज हात वर न करताच म्हणाली,
"मिस, आशाबिशा काही नाही.
तिला उरलेली उद्याला हवीय."

वर्ग हसला. मीही, थोडी.
मग ती वहीकडे बघत सांगू लागली,
घरी जिन्याखाली विजेचं मीटर आहे,
त्यात कार्ड घालायचं, दुकानातून भरून आणलेलं.
पैसे संपत आले की ते वाजतं.
"असंच. एकदाच. टिंग."
मग आई किटली बंद करते,
धाकट्याचा टीव्ही बंद करते,
आणि केझिया जिन्याखाली जाऊन बसते
आकडे उतरताना बघत.
"कारण मिस, बघत राहिलं की हळू उतरतात."

रोकासने मान डोलावली, एकदाच,
आपल्याच घरचं कुणी बोलावं तशी.
डॅरिल, ज्याचं पुस्तक आजवर
बाकाच्या लंगड्या पायाखाली होतं,
त्याने ते उपसून काढलं, धूळ झटकली,
पान शोधलं, वाचलं, विचारलं,
"तेव्हा मेणबत्ती कितीला पडायची?"

मला माहीत नव्हतं.
त्या बाईच्या एकटेपणावर
मी चाळीस ओळींची टिपणं देते, झेरॉक्स काढून.
मेणबत्तीचा भाव मला माहीत नव्हता.

रात्री घरी शोधत बसले.
तो पुस्तकातच होता.
तिसऱ्या प्रकरणात वाण्याची यादी,
साखर, साबण, मेणबत्त्या, मागील बाकी.
एकोणीस वर्षं मी म्हणत आले,
हे पान सोडा, परीक्षेला येत नाही.
माझी प्रत रेघांनी गजबजलेली,
त्या पानावर पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही.

लोक विचारतात,
पालकसभेत, केस कापता कापता,
हे जुनं अजून कशाला शिकवता?
मी ठरलेलं सांगते. चिरंतन वगैरे.
त्या शब्दाचा नाद चांगला येतो,
रिकाम्या डब्याचा येतो तसा.

जानेवारीत सराव परीक्षा झाली.
केझियाने लिहिलं, जेमतेम तीन ओळी:
ही बाई हिशेबी आहे.
तिला अंधाराची भीती नाही, सकाळची आहे.
सकाळी वाणी येणार.

बोर्डाच्या कागदावर याला खण नाही.
मी लाल पेन धरून बसून राहिले,
दिवा चालू, हीटर चालू.
माझ्या घरात मीटर कुठे आहे
हे मला शोधावं लागलं असतं.

दोन गुण दिले.
मग खोडून तीन.
कारण लिहायच्या जागी काही सुचेना,
लिहिलं: पान एकतीस पाहा.

पेपर गठ्ठ्यात ठेवल्यावर लक्षात आलं,
ही सूचना
तिच्यासाठी नव्हतीच.