हजेरीपटाचं मागचं पान

जानेवारीत टमालेला सहारा येतो,
न विचारता, भाडं न भरता,
आणि माझ्या टेबलावर मुक्काम ठोकतो.
उत्तरपत्रिकेवर बोट फिरवलं की
नावावर एक स्वच्छ रेघ उमटते.
पुसलं तरी तासाभरात परत तेच.
आता मी पुसत नाही.
झटकते, आणि गुण देते.

एकवीस वर्षं झाली संख्याशास्त्र शिकवते आहे.
पहिल्या तासाला विचारते,
ह्या वर्गातला सरासरी माणूस कोण?
सगळ्या माना एकाच मुलाकडे वळतात.
दरवर्षी.
यंदा तो सुहुयिनी होता, तिसऱ्या रांगेत,
पेन हातात धरून गाढ झोपलेला.
पहाटे तीनला बोअरवेलवर त्याचे पिवळे डबे रांगेत असतात,
सहाला आईच्या तांदूळ उकडायच्या पिंपात पाणी,
आठला माझा तास.
मी त्याला उठवलं नाही.
वर्गालाच म्हटलं, जरा हळू लिहा.

आमचे डॉक्टर झाकारी रेडिओवर बोलले,
तरुणांना वेळेची किंमत उरलेली नाही.
स्टुडिओत ते वीस मिनिटं उशिरा पोचले होते.
कारण सांगितलं, रस्ता.
हेच मुलांनी सांगितलं की
आम्ही त्याला सबब म्हणतो.

आणि परवा एक म्हातारा
सावेलुगूहून आला, दोन गिनी कोंबड्या घेऊन,
पाय बांधलेल्या, डोळे टकमक.
मला वाटलं, मुलाचे गुण मागायला आलाय.
नकाराचं भाषण ओठांवर तयार होतं.
तो म्हणाला, बाई,
माझा पोरगा वर्गात हसतो का?
घरी हसायचा थांबलाय.
एवढंच विचारायचं होतं.
मी पट उघडला, उगीचच.
पटात हजर आणि गैरहजर, इतकीच सोय.
कोंबड्या त्याने ठेवून दिल्या.
एक पळाली ती ग्रंथालयाकडे.

नळाचं सांगायचं राहिलं.
विद्यापीठाच्या फाटकाबाहेर दोन वर्षांपूर्वी त्याचं उद्घाटन झालं:
फीत, ढोल, तीन भाषणं.
पाणी भाषणं संपेपर्यंत होतं.
कोनशिला मात्र रोज असते,
मुलं तिला टेकवून मोटारसायकली लावतात.

लारिबाने प्रकल्पासाठी तो नळ निवडला.
तीस दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन
तोटी फिरवली, आणि तक्ता भरला.
शून्य. शून्य. शून्य.
अकराव्या दिवशी अर्धी बादली.
पुन्हा शून्य, खाली पानभर.
अक्षर इतकं नेटकं
की शून्यंसुद्धा एकाच मापाची.

समितीने शेरा मारला: माहिती अपुरी.
शून्यं फार आहेत.
विषय बदलावा.

त्या खोलीत मी होते.
शून्य म्हणजे मोजलेली गोष्ट,
हे मीच तिला शिकवलं होतं.
माझ्या बढतीची फाईल त्याच टेबलावर होती,
तिच्यावरही धूळ होती.
मी चहाचा कप उचलला.
चहा गार होता. तरी प्यायले.

लारिबाने विषय बदलला.
मोबाईल रिचार्ज आणि ग्राहकांचं समाधान.
चांगले गुण मिळाले तिला.
आता वाटेत भेटली की स्कूटर थांबवून
गुडघे वाकवून नमस्कार करते,
माझ्या आईची चौकशी करते, सुनेची करते,
त्या तक्त्याचं काही काढत नाही.

बढती झाली. खुर्चीला हात आले.

हल्ली सकाळी फाटकाशी स्कूटर थांबवते,
इंजिन चालूच ठेवून उतरते.
वॉचमन मुम्मुनी तोंड फिरवतो,
बाईंचं काहीतरी असेल, अशा बेताने.
तोटी फिरवते.
नळ आतून खाकरतो,
थोडी हवा देतो, लाल, कोमट.
पटाचं मागचं पान काढून
तारीख घालते, शून्य काढते.
माझी शून्यं लहानमोठी येतात.

आज एकशे सहावा दिवस.
सुहुयिनी त्याच वेळी सायकलवरून आला,
मागे चार पिवळे डबे, भरलेले.
त्याने वही बघितली.
विचारलं, मॅडम, हे परीक्षेला आहे का?